प्रेफरन्सच्या यादीत तळाला ढकललेली एक सर्व्हिस : कोल्हापूरच्या अभ्यासिकांतल्या पोरापोरींना खुलं पत्र

पोरांनो, पोरींनो, आणि तुम्हाला शिकवणाऱ्या सर-मॅडमनो,

मी गोकुळ शिरगाव एमआयडीसीत एका फाउंड्रीत एक्स्पोर्टचं डॉक्युमेंटेशन बघते. आमच्याकडं ओतलेलं कास्टिंग मशीनिंग होऊन परदेशात जातं, त्याचं इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल, सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, लायसन्स, बँकेची कागदं असं सगळं माझ्या टेबलावरनं पुढं जातं. बरीच वर्षं हेच काम करतेय. त्यामुळं दिल्लीतल्या एका खात्याचे अधिकारी, त्यांची पत्रं, त्यांच्या बदल्या, त्यांचे चांगले-वाईट दिवस हे सगळं मला लांबनं का होईना पण रोज दिसतं. हे पत्र त्या नोकरीबद्दल आहे.

नोकरीचं नाव इंडियन ट्रेड सर्व्हिस. यूपीएससीच्या ज्या परीक्षेतनं आयएएस, आयपीएस होतात त्याच परीक्षेतनं हे अधिकारी निवडतात, ग्रुप ए, सुरुवातीचा बेसिकही तोच, लेव्हल 10, महिना 56,100, वर डीए वगैरे वेगळं. पण तुमच्यापैकी कुणाशीही बोलले की एकच ऐकायला मिळतं, प्रेफरन्स, म्हणजे कुठली सर्व्हिस आधी पाहिजे त्याचा क्रम, भरताना पहिली दोन-तीन नावं विचार करून लिहितात आणि बाकीची सीनियरनं सांगितली तशी नाहीतर यूट्यूबवर बघून खाली खाली ढकलत जातात, ट्रेड सर्व्हिस पार तळाला. का? तर कुणाला माहितीच नाही की ती माणसं करतात काय. माझ्या ओळखीतल्या एका पोराला मी विचारलं तर तो म्हणाला कस्टमवालेच ना ते. नाहीत ते कस्टमवाले. कस्टम म्हणजे आयआरएसमधले, महसूल सेवेतले, ते बंदरावर न्हावा शेवाला माल तपासतात आणि ड्युटी घेतात. कुठला माल देशाबाहेर जाऊ द्यायचा, कुठला आत येऊ द्यायचा, कुणाला ड्युटीत सूट द्यायची, परदेशाशी करार करताना काय मागायचं आणि काय द्यायचं, हे सगळं वाणिज्य खात्यात ठरतं, आणि तिथं आयुष्य काढणारी सर्व्हिस म्हणजे ही.

माझं म्हणणं एकच आहे आणि ते आधीच सांगते. कोल्हापूर जिल्ह्यातनं पोरं या सर्व्हिसमध्ये ठरवून गेली पाहिजेत. नाइलाज म्हणून नाही, रँक कमी आली म्हणून नाही, ठरवून. कारण आपला जिल्हा ज्या चार-पाच गोष्टींवर जगतो त्यातली जवळपास प्रत्येक गोष्ट त्या खात्याच्या एखाद्या कागदाला बांधलेली आहे.

ऊसच घ्या. तुमच्यातल्या निम्म्या पोरांच्या घरी ऊस आहे. 24 मे 2022 ला डीजीएफटीचं, म्हणजे डायरेक्टोरेट जनरल ऑफ फॉरेन ट्रेडचं, एक नोटिफिकेशन निघालं की 1 जूनपासून साखरेची निर्यात रिस्ट्रिक्टेड. म्हणजे सरकारच्या परवानगीशिवाय पोतं बाहेर जाणार नाही. सुरुवातीला ते त्याच वर्षीच्या 31 ऑक्टोबरपर्यंत होतं, मग वर्षभर वाढवलं, मग पुढचा आदेश येईपर्यंत वाढवलं. 2024-25 च्या हंगामात जानेवारीत 10 लाख टनांना परवानगी मिळाली. हे निर्णय एकटं वाणिज्य खातं घेत नाही, अन्न खातं असतं, मंत्रिमंडळ असतं, पण शेवटी जो कागद निघतो तो या खात्यातनं निघतो, आणि त्या कागदातल्या एका ओळीवर कारखान्याकडं पैसा येणार की गोदामात साखर पडून राहणार हे ठरतं. आणि मग बिलं लांबतात, आणि मग रस्त्यावर टायर जळतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता याच्या पुढचं ऐका, हे मला वाटतं तुमच्या क्लासमध्ये कुणी सांगत नसेल. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला या तीन देशांनी 2019 मध्ये जिनिव्हाला डब्ल्यूटीओत, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेत, भारताविरुद्ध केस टाकली, की भारत ऊस उत्पादकांना नियमापेक्षा जास्त मदत देतो. त्या केसमध्ये मध्यवर्ती मुद्दा काय होता माहिताय? आपली एफआरपी, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचाच असा सरकारनं ठरवलेला किमान भाव. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत जिच्यावरनं दरवर्षी घोषणा होतात तीच एफआरपी. भारताची बाजू अशी होती की एफआरपी सरकार देत नाही, कारखाने देतात, सरकारच्या तिजोरीतनं एक रुपया जात नाही, मग ही सरकारी मदत कशी होईल? तिथल्या पॅनेलनं, म्हणजे निवाडा करणाऱ्या मंडळानं, ते मानलं नाही. 14 डिसेंबर 2021 ला निकाल आला की सरकारनं भाव ठरवून दिला म्हणजे झालंच, पैसे कुणी का देईना. आणि तो भाव कशाशी ताडून बघतात, तर 1986-88 च्या काळातल्या एका ठरवून ठेवलेल्या किमतीशी! तेव्हाची किंमत आणि आजची एफआरपी यातला फरक, गुणिले उसाचं उत्पादन, आणि हा आकडा उसाच्या एकूण किमतीच्या 10 टक्क्यांच्या वर गेला की देश दोषी. 2014-15 ते 2018-19 अशी सलग पाच वर्षं आपण ती मर्यादा ओलांडली असं पॅनेल म्हणालं. त्यावर भारतानं अपील केलं, पण अपील ऐकणारं जे अपेलेट बॉडी आहे ते डिसेंबर 2019 पासून बंदच आहे कारण अमेरिकेनं नवीन सदस्य नेमू दिले नाहीत. म्हणून तो निकाल लागू न होता तसाच राहिला.

मी हा सगळा प्रकार वाचला तेव्हा माझ्या मनात एकच प्रश्न आला. त्या खोलीत भारताच्या बाजूनं जी माणसं बसली असतील, वकील असतील, अधिकारी असतील, त्यातल्या कुणाच्या घरी कधी उसाचं बिल आलं असेल का? पहिला हप्ता, दुसरा हप्ता, वजावट, ओढणी-तोडणी, हे कुणी ताटाशी बसून ऐकलं असेल का? मी म्हणत नाही की ती माणसं हुशार नव्हती. कायदा त्यांना माझ्यापेक्षा हजार पटीनं जास्त कळतो. पण ज्याच्या घरात एफआरपीवर भांडणं झाली आहेत त्याला त्या 1986-88 च्या किमतीतला अन्याय जेवढा झोंबेल तेवढा दुसऱ्याला झोंबणार नाही, आणि झोंबलं की माणूस रात्री जागून जास्तीचे चार कागद शोधतो. शिरोळ-हातकणंगल्याची पोरं तिथं असावीत असं मला वाटतं ते या कारणानं.

बरं आता नोकरीचा रस्ता कसा असतो ते सांगते, मला जेवढा माहिती आहे तेवढा. परीक्षा पास, मग मसुरीला नाहीतर दुसऱ्या एखाद्या अकादमीत सगळ्या सर्व्हिसेसबरोबर फाउंडेशन कोर्स, मग दिल्लीच्या आयआयएफटीमध्ये, म्हणजे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ फॉरेन ट्रेडमध्ये, परकीय व्यापाराचं ट्रेनिंग. ही आयआयएफटी 1963 पासूनची जुनी संस्था आहे. तिथनं बाहेर पडलं की असिस्टंट डीजीएफटी. मग डेप्युटी, मग जॉइंट, मग अॅडिशनल डीजीएफटी, हा लेव्हल 14, बेसिक 1,44,200 पासून. नियमात पहिलं प्रमोशन चार वर्षांनी, त्याच्या पुढचं नऊ वर्षांच्या सर्व्हिसला असं धरलेलं असतं, प्रत्यक्षात जागा रिकामी असेल तसं पुढंमागं होतं. आपल्या राज्यात यांची ऑफिसं मुंबई, पुणे आणि नागपूरला, आपण कोल्हापूरवाले पुण्याच्या ऑफिसखाली येतो.

पण एवढ्यावर हा रस्ता संपत नाही, याला फाटे आहेत आणि तेच खरं या नोकरीचं आकर्षण आहे. एक फाटा लायसन्सिंगचा, म्हणजे आमच्यासारख्यांच्या फाइली. एक फाटा वाणिज्य खात्यात ट्रेड पॉलिसीकडं, जिथं करारांचं काम चालतं, कुठल्या वस्तूवर किती वर्षांत किती ड्युटी उतरवायची याचे शेकडो पानांचे तक्ते तिथं बनतात. एक फाटा डीजीटीआर, म्हणजे डायरेक्टोरेट जनरल ऑफ ट्रेड रेमेडीजकडं, तिथं बाहेरनं कुणी त्याच्या देशातल्या भावापेक्षा स्वस्तात माल आणून इथं ओतत असेल तर अँटी डंपिंगची चौकशी करायची, कंपन्यांचे कॉस्टिंगचे कागद तपासायचे, दोन्ही बाजू ऐकायच्या, जवळपास कोर्टासारखं काम. आणि एक फाटा जिनिव्हाचा, डब्ल्यूटीओतल्या भारताच्या कायमस्वरूपी मिशनमध्ये. एकाच माणसाला तीस वर्षांत हे सगळं बघता येतं, फक्त विषय एकच, व्यापार. आज रस्ते, उद्या शिक्षण, परवा पाणीपुरवठा असं फिरावं लागत नाही.

आणि हे काम आतनं किती बदललंय तेही बघा. 1991 च्या आधी या ऑफिसचं नाव होतं चीफ कंट्रोलर ऑफ इम्पोर्ट्स अँड एक्स्पोर्ट्स. कंट्रोल हेच काम. उद्यमनगरातल्या जुन्या माणसांना विचारा, एक परदेशी मशीन आणायची तर लायसन्ससाठी काय काय करावं लागायचं. जुलै 1991 मध्ये पॉलिसी बदलली, ऑफिसचं नाव बदललं, 1992 मध्ये नवा कायदा आला. नवीन फॉरेन ट्रेड पॉलिसी 31 मार्च 2023 ला आली, तिला तर शेवटची तारीखच ठेवलेली नाही. आयईसी, म्हणजे आयात-निर्यात करायला लागणारा नंबर, आता घरबसल्या ऑनलाइन 500 रुपयांत मिळतो, तोही पॅन नंबरच असतो. म्हणजे खुर्चीत बसून परवाने वाटायचं काम कमी कमी होत चाललंय आणि समजून घेऊन निर्णय घ्यायचं काम वाढतंय, त्याला चांगलीच माणसं लागतात.

समजून घेणं म्हणजे काय ते एका उदाहरणानं सांगते. आम्हाला एकदा अॅडव्हान्स ऑथरायझेशन पाहिजे होतं. म्हणजे एक्स्पोर्टच्या मालासाठी लागणारा कच्चा माल ड्युटी न भरता आणायचा. त्यात प्रश्न येतो की अमुक किलो तयार मालाला किती कच्चा माल द्यायचा, याचे ठरलेले नॉर्म्स असतात, आणि तुमचा पार्ट त्यात बसत नसेल तर दिल्लीच्या नॉर्म्स कमिटीकडं जावं लागतं. आमचा बसत नव्हता. त्या काळात एक तरुण अधिकारी दुसऱ्या कामासाठी या भागात आला होता, नाव लिहीत नाही, त्यानं स्वतःहून विचारलं की मला फाउंड्री आतनं बघायची आहे. आमच्या मालकांना टेन्शन, कारण असं कुणी येत नाही. तो आला, हेल्मेट घालून शॉपवर गेला. इंडक्शन फर्नेसमधनं लॅडल भरताना बघितली, साच्यात ओतताना बघितलं, आणि मग जिथं साचा फोडतात तिथं जाऊन उभा राहिला.

तुम्ही बघितलं नसेल तर सांगते, साच्यातनं नुसता पार्ट बाहेर येत नाही. लोखंड ज्या वाटेनं आत शिरतं ते रनर आणि आकसताना कमी पडायला नको म्हणून ठेवलेले रायझर असं सगळं त्याला चिकटून येतं, काळं, जड, अजून गरम. ते तोडून बाजूला टाकतात. त्यामुळं दहा किलोच्या पार्टला त्यापेक्षा बरंच जास्त लोखंड वितळवावं लागतं. त्या पोरानं हातमोजा घालून एक तुटलेला रायझर उचलला आणि फेटलिंगवाल्या, म्हणजे कास्टिंग घासून साफ करणाऱ्या, मामांना विचारलं, ह्याचं पुढं काय होतं? मामा म्हणाले परत भट्टीत जातंय की साहेब. मग तो म्हणाला, म्हणजे हे वाया गेलं नाही, वाया गेलं ते फक्त जळालं तेवढं, स्लॅग, म्हणजे वितळलेल्या लोखंडावरची मळी, निघाला तेवढा आणि मशीनिंगचा जो चुरा तुम्ही विकून टाकता तेवढा. आमचे मालक गप्प बसले. कारण आम्ही अर्जात जो नॉर्म मागितला होता तो त्या हिशेबानं जास्त होता. पुढं जो नॉर्म मिळाला तो आम्ही मागितल्यापेक्षा कमीच होता, पण का कमी आहे ते आम्हाला कळत होतं, आणि पुन्हा त्यावरनं एकही पत्र आलं नाही, एकही शंका निघाली नाही. मला तो अधिकारी फार मोठा वाटला. सरकारचाही पैसा वाचवला आणि आमचाही वेळ.

याच्या उलटही बघितलंय. ईपीसीजी नावाची योजना आहे, मशीन ड्युटी न भरता आणता येते पण वाचलेल्या ड्युटीच्या सहापट माल सहा वर्षांत एक्स्पोर्ट करून दाखवायचा, 10 लाख ड्युटी वाचली तर 60 लाखांचा माल, आणि आधीची जी सरासरी एक्स्पोर्ट आहे ती वेगळी टिकवायची. आम्ही माल पाठवला, पैसे आले, सगळं पूर्ण. पण काही शिपिंग बिलांवर लायसन्सचा नंबर टाकायचा राहिला होता, एजंटाकडनं. एवढ्या कारणानं फाइल अडकली. डेफिशियन्सी लेटर, म्हणजे त्रुटीचं पत्र, आलं, उत्तर दिलं, तोवर साहेब बदलले, नव्या साहेबांनी तीच कागदं पुन्हा मागितली, ती दिली, ते पण बदलले. मशीन जुनी झाली तरी तिची फाइल बंद होईना, बँक गॅरंटी अडकून पडलेली. तिथं कुणी वाईट नव्हतं, पैसे कुणी मागितले नाहीत, पण समोरचा कागद कशाचा आहे हे समजून सही करायची हिंमत कुणाला नव्हती. हिंमत माहितीतनं येते हो. ज्याला माहिती नसते तो शंका काढून वेळ काढतो.

आता या नोकरीच्या उण्या बाजू लपवणार नाही, नाहीतर उद्या तुम्ही म्हणाल की काकूंनी फसवलं. पहिलं म्हणजे हिला जिल्हा नाही. कलेक्टरसारखा दबदबा नाही, पोलीस एसपीसारखा रुबाब नाही, गावात गेलात तर लोक दोनदा विचारतील नक्की काय म्हणून लागलास. दुसरं, केडर लहान आहे, जागा दरवर्षी मोजक्या. 2024 च्या जाहिरातीत सगळ्या सर्व्हिसेस मिळून 1056 जागा होत्या, 2025 च्या जाहिरातीत 979, त्यात हिचा वाटा किरकोळच असतो. तिसरं आणि सगळ्यात खुपणारं, ज्या खात्यात तुम्ही तीस वर्षं घालवणार तिथली सगळ्यात वरची खुर्ची, म्हणजे डायरेक्टर जनरलची, ती साधारण आयएएसकडं जाते. मंत्रालयात करारांच्या टेबलावर जे जॉइंट सेक्रेटरी बसतात तेही बहुतेक आयएएस, ते केडरमधनं ठरावीक वर्षांसाठी डेप्युटेशनवर येतात, विषय शिकतात, हातखंडा बसतो तोवर जायची वेळ होते. यात त्यांची चूक नाही, व्यवस्थाच तशी आहे. पण याचा अर्थ असा की आठवण ठेवणारा माणूस, गेल्या करारात समोरच्यानं कुठं फसवलं होतं हे माहिती असणारा माणूस, दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या खुर्चीवर बसतो.

अमेरिकेत काय करतात बघा. तिथं यूएसटीआर, युनायटेड स्टेट्स ट्रेड रिप्रेझेंटेटिव्ह, म्हणून व्यापार करारांचं वेगळं ऑफिस आहे, 1962 च्या कायद्यातनं त्याची सुरुवात झाली. वेंडी कटलर म्हणून एक बाई होत्या, जवळजवळ तीन दशकं हेच काम. कोरियाबरोबरच्या करारात अमेरिकेच्या मुख्य वाटाघाटीकार त्याच, मग टीपीपीच्या, म्हणजे प्रशांत महासागराभोवतीच्या देशांच्या व्यापार कराराच्या, वाटाघाटीतही. 2015 मध्ये बाहेर पडल्या. समोर अशी बाई बसलेली असताना आपल्याकडनं दोन वर्षांपूर्वी विषय हातात घेतलेला माणूस बसवायचा म्हणजे आखाड्यात पहिल्यांदा उतरलेल्या पोराला मुरलेल्या पैलवानापुढं ढकलण्यासारखं आहे, पोरगं ताकदीचं असलं तरी डाव माहिती पाहिजेत ना.

आणि आपल्याकडं असे मुरलेले लोक तयारच होत नाहीत असंही नाही. अजय श्रीवास्तव हे याच ट्रेड सर्व्हिसचे, त्यांनी 2022 मध्ये नोकरी सोडली आणि ग्लोबल ट्रेड रिसर्च इनिशिएटिव्ह नावाची संस्था काढली, आज टॅरिफची कुठलीही बातमी आली की पेपरात त्यांचं विश्लेषण असतं. ते वाचताना मला चांगलंही वाटतं आणि वाईटही वाटतं. चांगलं यासाठी की या नोकरीतनं किती खोल माहिती मिळते ते दिसतं. वाईट यासाठी की ती माहिती आता सरकारच्या बाहेर बसून बोलतेय. म्हणून माझी वाणिज्य खात्यालाही विनंती आहे, हे पत्र त्यांच्यापर्यंत गेलं तर, की तुमच्या स्वतःच्या माणसांना वरच्या खुर्च्या मोकळ्या करा, आणि पहिल्या पाच वर्षांत प्रत्येकाला एखाद्या निर्यातीच्या गावात वर्षभर ठेवा. कोल्हापूर असू दे, तिरुपूर असू दे, मुरादाबाद असू दे. फाइल वाचण्याआधी माल बघू द्या.

पण पोरांनो, खुर्ची कधी मोकळी होईल याची वाट बघत तुम्ही बाहेर थांबायचं नाही. 2025 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेनं आपल्या मालावर 50 टक्क्यांपर्यंत टॅरिफ नेलं तेव्हा शिरोलीत, गोकुळ शिरगावात, कागलच्या फाइव्ह स्टार एमआयडीसीत कुणाच्या ऑर्डरी थांबल्या, कुणाकडं गिऱ्हाइकानं अर्धा भार तुम्ही सोसा म्हणून मेल टाकला. त्या आधी जानेवारी 2025 पासून लो अॅश मेट कोकच्या, म्हणजे दगडी कोळशापासून केलेल्या कमी राखेच्या भट्टीच्या इंधनाच्या, आयातीवर देशवार कोटा लागला होता, कोक पिग आयर्नच्या भट्टीत जातो आणि पिग आयर्न आमच्या भट्टीत, म्हणजे फाउंड्रीवाल्याला त्याचीही धास्ती. ही दोन्ही माणसांनी घेतलेल्या निर्णयांची फळं आहेत, एक वॉशिंग्टनमधल्या, एक दिल्लीतल्या. दिल्लीतल्या टेबलावर तरी आपलं कुणीतरी हवं की नको?

चपलेचं सांगायचं राहिलं. जून 2025 मध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडानं कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि आपल्याकडं केवढा गदारोळ झाला, व्हॉट्सअॅपवर प्रत्येकजण जीआय जीआय करत होता. कोल्हापुरी चपलेला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे, आपल्या बाजूचे चार जिल्हे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार, बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. पण भारतातला जीआय भारतात चालतो. इटलीत तो चालवायचा तर तिथं नोंद पाहिजे नाहीतर युरोपशी तसा करार पाहिजे. आणि करारात ते कलम यायचं तर मागणीच्या यादीत कुणीतरी ते घालावं लागतं, समोरच्यानं नाही म्हटल्यावर बदल्यात काय सोडायचं हे ठरवावं लागतं. ब्रिटनशी 24 जुलै 2025 ला करारावर सह्या झाल्या, त्यात चामड्याच्या आणि पायताणाच्या मालावरची त्यांची ड्युटी शून्यावर आणायचं ठरलं, ही मोठी गोष्ट आहे आणि ती घोषणा देऊन मिळालेली नाही, कुणीतरी वर्षानुवर्षं तक्ते घेऊन बसलं म्हणून मिळाली. सुभाषनगरात जाऊन बघा, चामडं भिजवून कुटत बसलेली माणसं, त्यांना त्या कराराचा फायदा घ्यायचा तर कुठलं सर्टिफिकेट लागेल ते सांगणारं कुणी नाही अजून.

शाहू महाराजांनी 1895 मध्ये शाहूपुरी वसवली ती गुळाच्या बाजारपेठेसाठी. त्यांना तेव्हाच कळलं होतं की शेतकऱ्यानं पिकवून भागत नाही, बाजार उभा करावा लागतो, व्यापारी आणावे लागतात, त्यांना जागा द्यावी लागते, नियम घालावे लागतात. राज्यकर्त्यानं व्यापारात लक्ष घालणं ही आपल्याकडं नवीन गोष्ट नाही. आज त्याच गुळाला 2014 पासून जीआय आहे, आणि साखरेवर निर्यातीची बंधनं असली तरी गुळाचा एचएस कोड, म्हणजे मालाच्या वर्गवारीचा नंबर, वेगळा आहे. पण तो कोड शिपिंग बिलात चुकला की गुळाची साखर होते आणि कंटेनर बंदरावर उभा राहतो, हे मी ऐकीव सांगत नाही, आमच्या लाइनमधल्या माणसावर आलेली वेळ आहे.

सर-मॅडमनो, तुम्हालाही सांगायचं आहे. कागलच्या यमगेच्या मेंढपाळाच्या पोराचा, बिरदेव डोणेचा, 2025 च्या एप्रिलमध्ये 551 वा रँक आला तेव्हा अख्ख्या जिल्ह्याला आनंद झाला, आणि त्यानंतर तुमच्या क्लासमध्ये खेड्यातली किती पोरं आली असतील. त्यांना सर्व्हिसेसची माहिती देताना पहिल्या तीनवर थांबू नका. डब्ल्यूटीओ तुम्ही जीएस पेपर तीनला शिकवताच की, ग्रीन बॉक्स, अँबर बॉक्स, पीस क्लॉज सगळं पाठ करून घेता, मग ते शिकवताना एकदा फळ्यावर एफआरपीची केस लिहा, आणि सांगा की ही केस लढणाऱ्या टेबलावर बसायची नोकरी याच परीक्षेतनं मिळते. ज्या पोराचा बाप कारखान्याचा सभासद आहे तो त्या दिवशी ताठ बसेल. आणि जी पोरं यूपीएससीच्या मागं नाहीत, एमपीएससी करतायत, त्यांना जिल्हा उद्योग केंद्राच्या बाजूच्या उद्योग अधिकारी, उद्योग उपसंचालक या पोस्ट सांगा, इंजिनिअरिंग झालेल्या पोरांना त्या जमतात, आणि जिल्ह्यातनं एक्स्पोर्ट वाढवायचं काम आता त्यांच्याकडंही येतं.

तर माझी मागणी छोटी आहे. प्रेफरन्स भरताना ज्या सर्व्हिसचं नाव तुम्ही न वाचता खाली ढकलणार तिच्यासाठी आधी एक दिवस द्या. तो दिवस मी भरून काढायला तयार आहे. रविवार सोडून कधीही चारपाच जणांच्या गटानं गोकुळ शिरगावला या, अभ्यासिकेच्या सरांमार्फत निरोप द्या म्हणजे गेटवर अडवणार नाहीत. पायात बूट घालून या, चप्पल शॉपवर चालत नाही. सकाळी ओतकाम बघा, दुपारी माझ्या टेबलावर बसा, एक शिपिंग बिल आणि एक ईपीसीजीची फाइल तुमच्यापुढं ठेवते, ओळीनं वाचू, जे विचारायचं ते विचारा. मग घरी जाऊन ठरवा ट्रेड सर्व्हिस कितव्या नंबरला लिहायची ते.

तुमची,
गोकुळ शिरगावातली एक एक्स्पोर्टवाली काकू